धर्मशाळेच्या अलीकडे

मे महिन्याची सुरुवात होती. सकाळी अकराच्या सुमारास २,४०० मीटरवरच्या बिलिंगच्या उतारावर समोरून वारा येऊ लागला आणि मी पॅराग्लायडर डोक्यावर घेऊन धावलो. बेत धर्मशाळेचा होता; सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर पश्चिमेला. पश्चिमी झंझावात दुसऱ्या दिवशी पोहोचेल, असा अंदाज होता.

महाराष्ट्रातल्या आमच्या कामशेतला उतरायची जागा टेक-ऑफवरूनच दिसते. पण धौलाधार रांगेच्या दक्षिण उतारावर डोंगराची एक सोंड सोडली की पुढची गाठेपर्यंत खाली खोल दरी, विजेच्या तारा आणि दगडगोट्यांनी भरलेली खड्ड. इथे पहाडी ओढ्याला खड्डच म्हणतात. त्यामुळे प्रत्येक सोंडेवर उंची मिळवायची आणि पुढे जायचं की नाही, हे तिथेच नव्याने ठरवायचं.

पहिला तास सुरेख गेला. गिधाडं घिरट्या घालत होती, त्यांच्या खाली शिरलो की व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग सांगणारं उपकरण, टिपटिपायला लागायचं. सेकंदाला दोन-तीन मीटर वर, मग पुढच्या सोंडेकडे सरळ ग्लाइड. डावीकडे पालमपूरचे चहाचे मळे दिसू लागले तेव्हा मी ३,३०० मीटरवर होतो.

तिथे आकाश बदललं होतं. पश्चिमेकडून उंचावर पांढुरका पडदा सरकत होता. पुढच्या सोंडेवरचा ढग मघाशी रुंद आणि बसका होता. आता तो रुंदीपेक्षा उंच झाला होता, तळ करडा पडला होता. खाली शेतातला धूर पूर्वेकडे आडवा वाहत होता, म्हणजे दरीतला वारा माझ्या तोंडावर होता.

मी हिशेब मांडला. जमिनीपासून १,५०० मीटर उंचीवरून माझं ग्लायडर शांत हवेत १२ किलोमीटर जातं. त्याचा वेग ताशी ३८ किलोमीटर. समोरून २० चा वारा असेल, तर तेच अंतर निम्म्याहून कमी होतं. ढगाचा हिशेब त्याहून कठोर. पंखाची टोकं दुमडून सेकंदाला तीन-चार मीटर खाली येता येतं. वाढता ढग त्याहून जोरात वर ओढू लागला, तर पायलटच्या हाती फारसं काही उरत नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला वादळी ढगाने ९,९०० मीटरच्याही वर नेलं. ती बेशुद्धावस्थेत तरंगत राहिली आणि वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट दगावला.

रेडिओवर आमच्या गटातल्या पुढे गेलेल्यांपैकी एकाचा आवाज आला, “छान लिफ्ट आहे, या!” तो होता तिथे ते खरंच असेल. मला मात्र माझ्यासमोरच्या ढगाखालून जायचं होतं. मागे बिलिंगकडेही सोंडांवर सावली पसरत होती. दक्षिणेला दरीवर अजून ऊन होतं आणि कापणी झालेली गव्हाची शेतं ग्लाइडच्या टप्प्यात होती. मी रेडिओवर कळवलं आणि डोंगर सोडून दरीकडे वळलो.

पालमपूरच्या खालच्या अंगाला, तारांपासून लांबच्या एका खाचरात उतरलो. शेताचे मालक पाणी घेऊन आले. ग्लायडर गुंडाळून रस्त्यावर आलो, परतीसाठी बैजनाथची बस पकडली.

त्या दिवशी वादळ झालं नाही. ढग चारच्या सुमारास विरले आणि आमच्यातले दोघं धर्मशाळेला पोहोचले. रात्री जेवताना त्यांचं उड्डाण मनापासून ऐकलं. तरीही पालमपूरवरचं माझं वळण मला आजही बरोबर वाटतं. चार वाजता काय होणार, हे एक वाजता कुणालाच ठाऊक नसतं. त्या क्षणी दिसणारा ढग, वारा आणि हातातली उंची एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असतो, आणि त्याची पारखही तेवढ्यावरच व्हायला हवी. ढगाखालून सुखरूप निघालेला पायलट ‘जमतं’ एवढंच शिकला, तर पुढच्या वेळी तो अधिक काळ्या ढगाखाली जाईल. म्हणून मी उड्डाणवहीत किलोमीटरच्या आधी हे लिहितो: कुठे वळलो, तेव्हा काय दिसत होतं आणि उतरायच्या किती जागा शिल्लक होत्या.