साठच्या अलीकडे

जुन्या गाडीचं इंजिन बांधायला घेतलं की शेडमध्ये येणारा प्रत्येक जण विचारतो, "चालू होईन का मिस्त्री?" चालू व्हायला काय, कसंही होतं. पेट्रोल, ठिणगी आणि थोडं कॉम्प्रेशन मिळालं की भंगारातलं इंजिनही धूर सोडत धडधडतं. माझ्यापुढचा प्रश्न दुसराच असतो: धातू किती काढायचा? बोअर मारला की सिलिंडरची भिंत तेवढी गेली. क्रँक घासला की तो तेवढा बारीक झाला. लेथखाली पडलेला कीस परत चिकटवता येत नाही.

गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड. त्याला सगळं नवं पाहिजे असतं.

रिसोडला माझं पोट ट्रॅक्टरवर भरतं. सोयाबीनच्या हंगामात तर दुसऱ्या कशाला हात लावायला फुरसत नसते. तरी शेडच्या मागच्या कोपऱ्यात एखादी जुनी जीप असतेच. सध्याची आहे महिंद्राची सीजे-थ्री-बी, १९६० च्या दशकातली, पेट्रोलवरची. आधी ती आरोग्य खात्यात होती. मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना स्ट्रेचर अडकवायच्या कड्यांची भोकं अजून आहेत, कुणीतरी ती लांबीने बुजवून वर रंग फिरवला होता. सरकारी लिलावात आताच्या मालकाच्या आजोबांनी ती घेतली. कागदावर जिल्हा अकोला, कारण वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, आणि तोवर ही जीप गोठ्यात तुराट्यांखाली गेलेली. तिला ना वाशिमचा एमएच-३७ माहीत, ना तिच्यामागून आलेल्या गाड्या.

नातवाला ती उभी करायची आहे. त्याचं पहिलंच वाक्य: "काका, हे इंजिन काढून फेका. डिझेल बसवू, ॲव्हरेज तरी भेटन."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात हेच झालं. महिंद्राने प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन इगतपुरीला बनवायला घेतलं आणि पेट्रोलच्या जीपवाल्यांनी धडाधड इंजिनं बदलली. जुनी भंगारात किलोवर गेली. त्यामुळेच हे इंजिन जाग्यावर आहे याचं मला अप्रूप.

याचं नाव हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या इंजिनात दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते, ताकद ६० अश्वशक्ती. विलिसचा इंजिनीअर डेल्मर रूस याने १९५० च्या सुमारास तोच ब्लॉक ठेवून इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, मोठा केला, आणि एक्झॉस्ट खालीच ठेवला. ताकद गेली ७२ वर. पण हेड उंच झालं, बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या मॉडेलचं बॉनेट उंच केलं. आपल्याकडे सिनेमात आणि प्रचाराच्या गाड्यांत दिसणारं ते उंच, चौकोनी तोंड आलं ते असं. अमेरिकेत हे मॉडेल मागे पडलं, तरी महिंद्राने ते पुढे कितीतरी वर्षं चालवलं. सिलिंडरचा व्यास साधारण ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११. म्हणजे लांब, सावकाश ढकलणारं इंजिन. पैनगंगेच्या काठच्या काळ्या रानात, कमी आरपीएमवर, चिखलातून गाडी काढायला हेच लागतं. हायवेवर पळवायला हे केलेलंच नाही, आणि पळवणारे त्याचे हाल करतात.

चेन कप्पीवर इंजिन उतरवलं, हेड काढलं आणि पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली. खाली ठसा निघाला: ४०. म्हणजे मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ मोठा बोअर. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या ब्लॉकला कारखान्यातून लायनर नसतात, बोअर थेट ओतीवात कापलेला. वीसचा एक बोअर, चाळीसचा दुसरा, साठचा तिसरा, मग स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी ठोकायची. या गाडीने दोन जन्म वापरलेत, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

उघडलेलं इंजिन मागच्या मिस्त्र्यांचं पुस्तक असतं. कनेक्टिंग रॉडवर सेंटर पंचाचे ठिपके होते, एक, दोन, तीन, चार, जाग्यावर आणि एका बाजूला. हा माणूस नीट होता. तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगच्या मागे मात्र पातळ पत्र्याची पट्टी निघाली, कुठल्याशा डबीची कापलेली. हा दुसरा माणूस. बेअरिंग ढिलं झालं, ठोका यायला लागला, नवा शेल मिळेना, म्हणून पत्रा घालून भागवलं. शहरातले लोक याला हसतात. मी हसत नाही. पेशंट घेऊन निघालेल्या गाडीला बेअरिंगचं पार्सल येईपर्यंत थांबता येत नसतं. पण पत्र्याने उष्णता बाहेर जात नाही आणि तेलाचं भोक अर्धं झाकलं जातं, हेही खरंच. क्रँकचं जर्नल त्या जागी अंडाकृती झालं होतं.

बोअर घासला जातो तो सगळीकडे सारखा नाही. पिस्टन वर येऊन थांबतो तिथे वरची रिंग जवळजवळ कोरडी चालते, ताप सगळ्यात जास्त तिथेच, म्हणून झीजही तिथेच. तिच्या वर, जिथे रिंग पोचत नाही, तिथे मूळ मापाची कड शिल्लक राहते. ती कड आधी काढायची आणि मगच पिस्टन वरून ढकलायचा. घाई केली तर पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती फुटतात. आणि नवी रिंग टाकून कड तशीच ठेवली, तर पहिल्याच दिवशी रिंग कडेवर आपटून मोडते. आमच्याकडे झिजेचं आणखी एक कारण आहे, काळ्या मातीचा फुफाटा. या जीपला तेलाचा एअर क्लीनर असतो. हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात बसते. तेल बदललं तर. बदललं नाही तर खाली चिखल होतो आणि वरून धूळ सरळ सिलिंडरमध्ये. या गाडीच्या क्लीनरमधून मी जे काढलं, त्यात हरभरा पेरता आला असता.

डायल गेज फिरवला. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर वर आणि खाली चार थाऊच्या आतच वेगळे. माझ्या हिशोबाने दहापर्यंत चालतं. तिसऱ्यात गोची होती. गोठ्यात पडून असताना कुणीतरी प्लग काढून नेला होता आणि पावसाचं पाणी आत गेलेलं. भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले, नखाला लागतील असे.

अकोल्याच्या बोअरिंगवाल्याने फोनवरच निकाल दिला: "चारही साठ करून टाका, एका दिवसात देतो." नव्वद टक्के मिस्त्री हेच करतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण साठ म्हणजे शेवटचा जन्म. एका सिलिंडरच्या गंजापायी बाकी तीन चांगल्या भिंतींचे वीस-वीस थाऊ उडवायचे कशाला? म्हणून फक्त तिसऱ्यात स्लीव्ह ठोकायला सांगितली आणि तिला आतून चाळीसचाच बोअर मारायला लावला. बाकी तीन नुसते होनिंग केले, रेघा एकमेकांना छेद देतील असे, म्हणजे तेल धरून राहतं. जुने तीन पिस्टन ठेवले. ते ठेवता येतात की नाही हे डोळ्याला कळत नाही. पिस्टन रिंगांशिवाय बोअरमध्ये सोडायचा, कडेने तीन थाऊची लांब पट्टी घालायची आणि पट्टीला स्प्रिंगकाटा लावून ओढायचं. पाच ते दहा पाउंडांच्या ताणाने निघाली तर ठीक. सहज निघाली तर पिस्टन ढिला, निघालीच नाही तर घट्ट. चौथा नवा पिस्टन आला तो जुन्यांपेक्षा जड. सराफाच्या काट्यावर चारही तोलले आणि नव्याचं आतल्या बाजूचं ॲल्युमिनियम घासून बरोबर केलं. सराफाने त्याचे पैसे घेतले नाहीत, पण दुकानातलं गिऱ्हाईक मात्र बघतच राहिलं.

क्रँकच्या बाबतीत हात आखडला नाही. बिग एंडचे, म्हणजे रॉड बसतात ते, चारही जर्नल दहा थाऊ ग्राइंड केले. अंडाकृती जर्नलवर नवा शेल टाकणं म्हणजे नवा ठोका विकत घेणं. मेन जर्नल मात्र नुसते पॉलिश केले, कारण त्यांना गरज नव्हती. कुठे काढायचं आणि कुठे थांबायचं हे गेज सांगतो, पण गेजचं ऐकायचं की लेथवाल्याचं, ते आपलं आपण ठरवायचं.

एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने त्यांचं लॅपिंग पाठ मोडतं. वाकून, रबरी कपाची काठी दोन तळहातांत फिरवत, पेस्टचा आवाज खरखर येतो तो हळूहळू गुळगुळीत होईपर्यंत. भारतातलं शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं तेव्हा जुन्या गाड्यांच्या वॉल्व्हच्या सीट बसतील अशी भीती होती. या इंजिनाला एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या, वेगळ्या ठोकलेल्या असतात, म्हणून ती भीती इथे फारशी नाही. आताची काळजी वीस टक्के इथेनॉलची. जुनं रबर त्यात फुगतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसतील असे टाकले. जुनं जपायचं म्हणून रबर जपत बसणाऱ्यांतला मी नाही.

जोडताना दोन जागा नवख्याला फसवतात. हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली लपलेला असतो. कार्बोरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि न दिसलेला बोल्ट तसाच ठेवून हेडला पहार लावणारे भेटतात. दुसरी जागा ऑइल पंप. डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवरून फिरतो. टायमिंग गिअरचे ठिपके अगदी समोरासमोर लावले आणि पंप एक दात इकडेतिकडे बसला, तर फायरिंग हुकतं आणि माणूस दिवसभर कार्बोरेटरला शिव्या देतो. बाकी हेड मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, ६० ते ७० फूट-पाउंडांपर्यंत कसायचं. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला मी माप खोदून ठेवलं: बोअर ४०, तीन नंबर स्लीव्ह, बिग एंड १०. पुढच्या मिस्त्र्याला खरवडत बसायला नको.

डिझेलचा वाद शेवटी कायद्याने मिटवला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदवली तर व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. मोठी अट ही: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. डिझेल बसवलं की गाडी त्या दारातून बाहेर. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या सरळ स्क्रॅपला जातात. म्हणजे आजोबांना जशी ही लिलावात मिळाली, तशी आजची आरोग्य खात्याची गाडी कुणा नातवाच्या गोठ्यात पोचणारच नाही. हा नियम धुरासाठी केलाय, त्यात चूक काही नाही. मला आपला हिशोब दिसतो, एवढंच.

चालू केली ती हँडल मारून. सेल्फ होता, पण आधी प्लग काढून हाताने फिरवून तेल वर चढलेलं बघितलं. मग प्लग लावले. तिसऱ्या झटक्याला धरली. टॅपेटची टकटक गरम झाल्यावर बसली, ब्रीदरला धूर नाही, तेलाचा काटा वर. नातू लगेच पिंगळाक्षी देवीला नारळ फोडायला निघाला. त्याला सांगितलं, पाचशे किलोमीटर पळवायची नाही, मग ऑइल बदलायला आण, हेड परत कसू.

आणली त्याने वेळेवर. सोबत एक हूकही आणला होता. मागे ट्रॉली जोडायची, सोयाबीन मार्केट यार्डात न्यायचं. म्हटलं, व्हीए नंबरावर धंदा चालत नाही, नियमातच लिहिलंय. तो म्हणाला, "घरचंच सोयाबीन हाय काका, धंदा कायचा?" हूक लावायचा तर मागच्या क्रॉस मेंबरला चार भोकं पाडावी लागतात. मी म्हटलं, आधी मेंबर मोजून बघू दे.