कूडलच्या तुळईवरची ओळ

मराठी भाषेचा इतिहास शिकवायला घेतला की शिलालेखांच्या तासाला 'आद्य' या शब्दाचा सुळसुळाट होतो. आद्य लेख, आद्य वाक्य, आद्य गद्य. विद्यार्थी वहीत उत्तर लिहून घेतात, परीक्षेत ते उतरवतात आणि विसरून जातात. सोलापुरातल्या वर्गात मात्र या विषयाला एक अडचण येते. ज्या लेखाविषयी आपण बोलतो तो ज्या गावात आहे, त्या परिसरातली दोन-तीन मुले समोरच बसलेली असतात आणि त्यांच्या घरची भाषा मराठी नसते.

ते गाव म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातले हत्तरसंग कूडल. सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याने निघावे, वडकबाळजवळ सीना ओलांडावी आणि मंद्रूपच्या पुढे आत वळावे. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळणारी, ज्वारीची जमीन. पाणी पोचले तिथे ऊस. नगरकडून आलेली सीना आणि भीमाशंकराहून निघून पंढरपुराला वळसा घालून आलेली भीमा इथे एकमेकींना मिळतात. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. कूडल या नावातच हा भूगोल सांगितलेला आहे. कन्नडमध्ये 'कूडल' म्हणजे संगम, आणि बसवेश्वरांमुळे सर्वांना ठाऊक असलेले कूडलसंगम हे त्याच नावाचे दुसरे ठिकाण, कृष्णा आणि मलप्रभेच्या काठचे. आपल्याकडे नकाशावर हे नाव मराठी उच्चाराच्या वळणाने 'कुडल' होते आणि त्याचा अर्थ हरवतो. मी तो दीर्घ ऊकार मुद्दाम राखतो.

संगमावर दोन देवळे आहेत. त्यांतले हरिहरेश्वराचे मातीखाली गाडले गेले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते उकरून काढण्यात आले. त्या वेळी साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले एक प्रचंड शिवलिंग सापडले आणि गावाची वर्तमानपत्री कीर्ती झाली. पर्यटक येतात ते त्याच्यासाठी. दुसरे देऊळ संगमेश्वराचे. त्याच्या सभामंडपात मान वर करून पाहिले तर एका तुळईवर लहानसा लेख आहे. शके ९४०, कालयुक्त संवत्सर, म्हणजे इ. स. १०१८. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य, दुसरा जयसिंह गादीवर. लेखाच्या अखेरीस मराठी शब्द येतात : 'वाछि तो विजेया होइवा'. जो हे वाचील तो विजयी होईल.

हा लेख प्रकाशात आणला तो आनंद कुंभार यांनी. वीज मंडळातली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून, देवळांच्या भिंतींवरचा चुना खरवडून त्यांनी सोलापूर जिल्ह्याचे कोरीव लेख गोळा केले. विद्यापीठीय पदव्यांचा आधार नसलेला हा माणूस हळेकन्नड शिकला, कारण या जिल्ह्यातले दगड प्रामुख्याने कन्नड बोलतात. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीतली एवढी जुनी ओळ ओळखता आली ती कन्नड लेखांच्या गर्दीत वर्षानुवर्षे वावरलेल्या नजरेला. तिथे काहीतरी वेगळे आहे हे कळण्यासाठी नेहमीचे काय ते आधी ठाऊक असावे लागते. आमच्या मराठी विभागांत पाली, प्राकृत, संस्कृत यांची नावे आदराने घेतली जातात. हळेकन्नडचे नाव घेतल्याचे मला फारसे आठवत नाही. शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक १९५२ साली मराठीतच लिहिले होते, तरीही.

पहिलेपणाचा वाद चालू राहीलच. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेले वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शके ९०५ चे म्हणून शिकवले गेले. पुढे ते बाराव्या शतकाच्या आरंभीचे असावे, हे मत रूढ झाले. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखावर शके ९३४ वाचणारे आहेत आणि ते वाचन न मानणारेही आहेत. कूडलचा शक स्पष्ट आहे. एवढ्यावरून त्याला पहिला म्हणावे की न म्हणावे, यात मला आता रस उरलेला नाही. त्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट नजरेत भरते. या तीन स्थळांपैकी दोन कन्नडच्या प्रदेशातली आहेत. आणि आक्षीचा लेख दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप देऊन संपतो, तर कूडलचा लेख वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन. राजाची बिरुदे, दानाचा तपशील यांसाठी दरबारी भाषा पुरते. समोर उभ्या माणसाला धाक घालायचा किंवा त्याचे भले चिंतायचे म्हटले की कोरणारा लोकांच्या बोलीकडे वळतो. 'वाची' न लिहिता 'वाछि' लिहितो. ज्ञानेश्वरीला अजून पावणेतीनशे वर्षे आहेत.

असे इतरत्रही घडले आहे. हंगेरीत तिहानी मठाची १०५५ ची सनद लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या सीमा सांगताना लेखनिकाला हंगेरियन शब्द वापरावे लागले, कारण रस्ता कुठला आणि ओढा कुठला हे गावकऱ्यांच्याच भाषेत सांगता येत होते. हंगेरियनमधला सर्वांत जुना सलग मजकूर, एक अंत्यविधीचे प्रवचन, ज्या हस्तलिखितात आहे ते काही काळ देआकी नावाच्या गावातल्या मठात होते असे मानतात. १९२० च्या त्रिआनोन तहाने हंगेरीचा मोठा भाग शेजाऱ्यांकडे गेला आणि हे देआकी आज स्लोव्हाकियात आहे. गावात बहुसंख्य लोक हंगेरियनच बोलतात. आपल्या कूडलची स्थिती नेमकी उलटी : मजकूर राज्याच्या भाषेतला, गाव शेजाऱ्यांच्या भाषेतले. देआकीचे हस्तलिखित बुडापेस्टला नेऊन ठेवता आले. तुळई देवळाचे छत पेलते आहे, ती जागेवरच राहणार.

सीमेच्या राजकारणात ही गावे सतत हिशेबात धरली जातात. महाजन आयोगाने १९६७ साली अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली काही गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २०२२ च्या अखेरीस पुन्हा तीच गावे बातम्यांत आली. दोन्ही वेळी आकडे मोजले गेले, कुणाच्या घरात काय बोलतात त्याचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. कन्नडला तो २००८ सालीच मिळाला होता. दोन अभिजात भाषांच्या मध्ये राहणाऱ्यांचे त्यात काय झाले, हे कुणी विचारले नाही.

काही वर्षांपूर्वीच्या माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिकलेली, पुढे हट्टाने मराठी घेतलेली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकाने तिचे 'ल' आणि 'ळ', तिची लिंगे, तिचे 'मी जायलो' यांवर सगळ्यांसमक्ष विनोद केला. ती गप्प राहिली. मला त्या क्षणी कूडलची तुळई आठवली आणि 'वाछि'तला तो 'छ' आठवला. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरणाऱ्याला आज आम्ही शुद्धलेखनाचे किती गुण दिले असते? जिला आम्ही प्रदूषण म्हणतो ती सरमिसळ भाषेच्या जन्मखुणेसारखी त्या दगडावर आहे. अण्णा, अक्का, अप्पा, तूप हे शब्द वापरताना मात्र कुणाला शेजारणीची आठवण होत नाही.

तिने पुढे शोधनिबंध कूडलच्या परिसरातल्या बोलीवरच केला. आजीला त्या ओळीचा अर्थ तिने कन्नडमध्ये सांगितला तेव्हा आजीने विचारले होते, 'विजयी म्हणजे कुणाला हरवायचे?' आजी जन्मभर त्या देवळात गेलेली, प्रत्येक अमावास्येला संगमावर स्नान केलेली, पण तुळईवर अक्षरे आहेत हे तिला नातीकडून कळले. निबंधात हा प्रश्न तळटीपेत आला आहे. मुख्य मजकूर क्रियापदांच्या रूपांचा आहे. 'होइवा' हे रूप 'होईल'पेक्षा निराळे का, त्याचा 'व्हावा'शी संबंध कितपत, आणि गावातली माणसे आजही भविष्यकाळ आणि इच्छा एकाच रूपात कशी बोलतात, याची तिने घरोघर फिरून नोंद केली. काही पाने नीट जमलेली नाहीत, काही फारच चांगली आहेत. विशेषतः सीनेच्या काठावरच्या आणि भीमेच्या काठावरच्या वस्त्यांमधला फरक दाखवणारी ती दहा-बारा पाने आता मी शिलालेखांच्या तासाला वाचायला देतो.