बार्सिलोनातील महागडा भात

सांगली सोडून पुण्याकडे निघालेल्या गाडीला पहिलेच स्थानक लागते ते माधवनगरचे. यंत्रमागांच्या आवाजात वाढलेल्या या गावातील व्यापाऱ्यांचा सांगलीच्या हळद, गूळ आणि बेदाण्याच्या पेठेशीही नित्य संबंध येतो. माल आधी पाहावा, हातावर चोळावा आणि मगच भाव बोलावा, ही येथील जुनी रीत आहे.

अशाच एका घरातील चौघे जण जून 2019 मध्ये स्पेनला गेले. बार्सिलोना येथे 20 ते 26 जून या दिवसांत ‘इटमा’ हे वस्त्रोद्योगातील यंत्रांचे जागतिक प्रदर्शन भरले होते. वडील आणि मुलगा यंत्रे पाहण्यासाठी, तर आई आणि सूनबाई त्या निमित्ताने परदेश पाहण्यासाठी निघाल्या होत्या.

आईंचा रात्रिभोजनत्यागाचा नियम. स्पॅनिश माणूस रात्री नऊ-दहाला जेवतो, हे ऐकून घरात काळजी होती. ती तेथे पोहोचताच मिटली. स्पेनने 1940 मध्ये आपली घड्याळे एक तास पुढे नेली, ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे जूनअखेर बार्सिलोनात सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो. अखेरच्या संध्याकाळी मुलाने सर्वांना उपाहारगृहात जेवू घालण्याचे ठरवले. इतक्या दिवसांत आईंनी प्रथमच ताटावर बसून गरम अन्न घेतले असते.

पर्यटकांच्या रस्त्यावरील ते उपाहारगृह दिव्यांनी सजलेले होते. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीही नको, असे मुलाने मोबाईलवर स्पॅनिशमध्ये लिहून दाखवले. वाढप्याने मान डोलावली आणि भाज्यांचा ‘पाएया’ सुचवला. पाऊण तासाने पसरट कढई आली. भात भडक पिवळा होता, पण केशराचा गंध नव्हता. हळदीच्या पेठेत वावरलेल्या वडिलांनी एक शीत बोटांवर चोळले आणि हा निव्वळ रंग आहे, हे ओळखले. सूनबाईंनी पुन्हा विचारल्यावर स्वयंपाकघरातून उत्तर आले: भात माशांच्या रश्श्यात शिजवला होता.

सूर्य मावळायला पंधराच मिनिटे उरली होती. आईंनी काही न बोलता पिशवीतील खाकरे आणि गूळ-शेंगदाणे काढले, पाणी प्यायल्या आणि हात जोडले. इतरांनीही कढईला हात लावला नाही. न मागता ठेवलेला पाव, पाण्याच्या बाटल्या आणि बाहेर बसण्याचा आकार धरून बिल शंभर युरोंवर गेले. तेव्हाच्या दराने जवळजवळ 8,000 रुपये.

पाएयाची मूळ भूमी बार्सिलोना नसून दक्षिणेकडील वलेन्सिया आहे. अरबांनी तेथे रुजवलेली भातशेती, कोंबडी, ससा, घेवडा आणि लाकडाचा जाळ यांतून हा पदार्थ घडला. नावाचा अर्थच कढई. तळाशी धरलेली खरवड ही त्यातील मानाची वस्तू. तेथील लोक तो दुपारी खातात. रात्री फोटो लावून विकला जाणारा पाएया बहुधा परक्यांसाठीच असतो. एक ग्रॅम केशराला सुमारे दीडशे फुले लागतात; स्वस्त रंगाचा मोह त्यातूनच होतो.

त्याच देशात दुपारी ठरावीक दरात पूर्ण जेवण देण्याची पद्धत 1960च्या दशकापासून आहे. तेलात परतून मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, टोमॅटो चोळलेला पाव, बाजारातील ताजी फळे हेही मिळते. मात्र पावावर लसूण चोळलेला नाही ना आणि भाताला कोणते पाणी वापरले, हे दोन प्रश्न मागणी देण्यापूर्वीच स्वयंपाक्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. वाढप्याचे डोके हलणे म्हणजे सौदा पक्का होणे नव्हे.

बिल चुकवताना वडील मुलाला एवढेच म्हणाले, “पैशाचे दुःख नाही रे. आपल्या पेढीवर गिऱ्हाईक आला, की मालात काय आहे ते त्याने विचारण्याआधी सांगत जा.”