खालचा कप्पा

आमच्या नंदुरबारच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. त्यांत कोनाडे आहेत, देवळ्या आहेत आणि एक फडताळही आहे. माझे सारे बालपण तिथल्या एका खुंटीवर मावत असे. एक सदरा अंगात, दुसरा खुंटीवर. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला स्वतंत्र कपाट लागते, हे मला पटायला जरा वेळच लागला.

नात आमच्याकडे आली ती ऐन आषाढात. सूनबाईंवर मुंबईला औषधोपचार चालू होते आणि मुलगा तिच्यापाशी होता. नातीने ‘थोडे दिवस’ आमच्याकडे राहायचे, असे ठरले. हे थोडे दिवस मोजायचे माप मात्र कुणाजवळच नव्हते. पोर आपली निळी बॅग घेऊन आली आणि ती बॅग तिने रिकामी केलीच नाही. सकाळी तिच्यातून फ्रॉक काढायचा. धुऊन वाळला की घडी करून पुन्हा तिच्यातच. हिने दोनदा फडताळ मोकळे करून दिले. नात नुसती मान हलवी आणि बॅगेची चेन लावून टाकी.

दुःखावर इलाज सापडत नाही तेव्हा पुरुषमाणूस घरातली दुरुस्तीची कामे काढतो. मी कपाट करायला घेतले. माळ्यावर जुन्या दारांच्या सागवानी फळ्या पडून होत्या. त्या उतरवल्या, सुताराला बोलावले आणि माझ्या कपाटाची मापे त्याच्यापुढे ठेवली. कपडे टांगायचा दांडा साडेपाच फुटांवर, वर दोन फळ्या, खाली चपला-बुटांचा कप्पा.

सुतार म्हातारा, मितभाषी. कागद पाहून त्याने अहिराणीत एवढेच विचारले, “दादा, हाई कपाट कोनं शे?”

“नातीचं.”

मग तो मला काही बोलला नाही. त्याने नातीलाच हाक मारली, भिंतीला पाठ लावून उभे केले आणि हात वर करायला सांगितले. तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीची खूण केली. ती खूण माझ्या खांद्याच्याही खाली होती!

मी उभा जन्म शाळेत मुले शिकवण्यात घालवला. १९०७ साली रोममधल्या आपल्या बालगृहात माँटेसोरीबाईंनी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, लांबट कपाटे करून घेतली आणि सामानाची निगा मुलांवरच सोपवली, हे मी वर्गात सांगत आलो होतो. ताराबाई मोडकांनी तोच विचार १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या पोरांच्या अंगणात आणला, हेही सांगत होतो. आणि घरच्या पोरीला फ्रॉक काढायला रोज आजीला हाक मारावी लागेल, असे कपाट मी आखले होते. विद्या पुस्तकात राहते ती अशी!

दांडा साडेतीन फुटांवर उतरला. मुलगी वाढेल तसा तो वर सरकवता यावा म्हणून बाजूच्या फळ्यांना वीतभर अंतरावर भोके पाडली. मधल्या फळ्या अडीच फुटांहून लांब ठेवल्या नाहीत. लांब फळी ओझ्याने पोटात झुकते. भिंतीला पावसाळ्यात ओल येते म्हणून मागे दोन बोटे जागा सोडली आणि ठोकळे घालून कपाट भिंतीला पक्के जखडले. फळ्यांवर चढू पाहणाऱ्या पोराच्या अंगावर मोकळे कपाट कोसळायला वेळ लागत नाही.

नात हे सगळे भुशात बसून बघत होती. अखेर तिने खालच्या कप्प्याकडे बोट दाखवले. “इथं माझी बॅग.”

“अगं, तिथं चपला—”

सुताराने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याने मधला पडदा काढला आणि बॅगेची उंची मोजली.

दसऱ्यानंतर गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरली, वाऱ्यासरशी घरोघरी ठसके सुरू झाले आणि हिने दिवाळीची झाडझूड काढली. मी कपाट उघडले. दांड्यावर फ्रॉक ओळीने लागलेले, मधल्या फळीवर वह्या, रंग, आईने धाडलेली बाहुली. हे सारे कधी लागले, आम्हांला कळलेही नव्हते. बॅग पोटमाळ्यावर टाकावी म्हणून ओढली तर हाताला हलकी लागली. आत एकच फ्रॉक होता, नीट घडी केलेला, आणि एक कंगवा.

“हा एवढाच का ठेवलास गं?”

“एक जोड असू दे, आजोबा,” ती मला समजावीत म्हणाली. “आईनं एकदम बोलावलं तर?”

मी बॅग पुसली आणि खालच्या कप्प्यात होती तिथेच ठेवली. फक्त तिची मूठ बाहेरच्या बाजूला केली.