मातृभाषेचा रकाना

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या मुलीने सांगितलं, "अब्बा, मला तुर्कस्तानात इंजिनिअरिंग करायचंय. अंकाऱ्याच्या बिल्केन्ट विद्यापीठात." आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहतच राहिलो. कोकणातल्या आमच्यासारख्या घरांतली माणसं परदेशी जातात ती दुबई-कुवेतला, कमवायला. शिकायला, तेही मुलीला, आमच्या मोहल्ल्यातून कुणी पाठवलं नव्हतं.

चौकशी केली. खासगी विद्यापीठ म्हटल्यावर डोळ्यांसमोर आलं ते डोनेशन. पण तुर्कस्तानात खासगी विद्यापीठ नफ्यासाठी काढता येत नाही. ते 'वकिफ'चं, म्हणजे आपल्या ओळखीच्या वक्फचंच असावं लागतं. बालरोगतज्ज्ञ इहसान दोग्रामाजी यांनी १९८४ साली स्थापन केलेलं बिल्केन्ट हे तिथलं अशा प्रकारचं पहिलं. इंजिनिअरिंग सगळं इंग्रजीतून. वक्फचं असलं तरी फी मात्र द्यावी लागतेच.

रात्री जेवणं आटोपून अर्ज भरायला बसलो. मातृभाषेचा रकाना आला. आम्ही म्हटलं, "उर्दू लिही. तिकडच्यांना जवळची वाटेल." ती थांबली. "अब्बा, आपण घरात उर्दू कधी बोललो? खोटं का लिहू?" तिने मराठी लिहिलं. आम्ही गप्प बसलो.

खरी बोच वेगळीच होती. दहावीपर्यंत हिला मराठी शाळेत घातलं, ही आपली चूक तर झाली नाही? नातेवाईक तसं तोंडावर म्हणत. मग तिनेच समजावलं. विद्यापीठ इंग्रजीची परीक्षा घेतं. त्यात जे कमी पडतात त्यांच्यासाठी आधी इंग्रजीचा तयारीवर्ग असतो. तुर्की शाळांतून आलेली तिथली मुलंही त्यात बसतात. म्हणजे आपल्या भाषेत शिकून आलेल्यांसाठी तिथे वाट ठेवलेली आहे. आम्ही मात्र इतकी वर्षं उगाच मान खाली घालत होतो.

उरला पैशाचा प्रश्न. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज. दादीने एवढंच विचारलं, "व्याजाच्या पैशाने पोरीला शिकवणार?" दोन रात्री झोप नाही. शेवटी ठरलं, शिष्यवृत्ती मिळाली तर उरलेल्या खर्चासाठी कलमांचा तुकडा विकायचा. तो थोरल्यासाठी राखलेला होता. त्याला कुवेतला फोन लावला. तो म्हणाला, "विका. ती शिकली तर माझंच काम हलकं होईल."

अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे. परवा ती सांगत होती, तुर्कीत वहीला 'देफ्तेर' म्हणतात. अम्मीने खुंटीवरच्या तिच्या जुन्या शाळेच्या दप्तराकडे बोट दाखवलं आणि दोघी हसत सुटल्या.

उत्तर काहीही येवो. त्या रकान्यात मुलीने जे खरं आहे ते लिहिलं, आणि तिला खोटं लिहायला सांगणारे आम्ही होतो, हे आम्ही विसरणार नाही.