बोलता बोलता गाणं

पहिला अल्बम म्हटला की विशी-पंचविशीतला पोरगा डोळ्यांसमोर येतो. सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाई' १९९२ साली कोलकात्यात निघाला, तेव्हा गृहस्थांनी चाळिशी ओलांडली होती. (मराठी कानाला सुमन म्हटलं की कल्याणपूरच, हे सुमन पुरुष. पुढे २००० साली धर्म बदलून ते कबीर सुमन झाले.)

इतका उशीर का, याचं उत्तर त्यांच्या नोकऱ्यांत आहे. घरात गाणं होतं, वडील गायक. ख्यालाची तालीम झाली, सत्तरच्या दशकात रवींद्रसंगीताच्या तबकड्याही निघाल्या. पण नाव झालं नाही. मग जर्मनीत डॉयचे वेले, अमेरिकेत व्हॉइस ऑफ अमेरिका. दोन्हीकडे काम एकच, बांगलात बोलायचं. ऐंशीच्या दशकात क्रांतीनंतरचं निकाराग्वा पाहून आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकी लोकगायक पीट सीगर भेटले. डिलन ऐकून झाला. एवढं सगळं पोटात घेऊन माणूस कोलकात्याला परतला आणि गिटार घेऊन उभा राहिला.

लोक त्या गाण्यांत डिलन शोधतात. मला ऐकू येतो तो रेडिओ. बातमी वाचणाऱ्याला सभा गाजवायची नसते. मायक्रोफोन वीतभर अंतरावर असतो आणि पलीकडे कुठेतरी एकटा माणूस कान देऊन बसलेला असतो. त्याला पटेल अशा आवाजात, श्वास न लपवता बोलायचं. सुमन यांचं गाणं तसंच सुरू होतं, शेजारी बसून सांगितल्यासारखं. सूर कधी लागला ते कळतही नाही. आवाज गोड म्हणावा असा नाही; जाड, जरा घोगरा. पण शब्द एकही खाल्लेला नाही.

तोवर बंगाली आधुनिक गाण्याची वाटणी आपल्या भावगीतासारखीच चोख होती. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, आशाबाईंनी गायचं. त्यातून सोनं निघालं, तक्रार कसली? सलील चौधरी लिहीत आणि चालही बांधत, तरी गायला हेमंत मुखोपाध्याय लागत. सुमन यांनी तिन्ही कामं एकट्याने अंगावर घेतली आणि रंगमंचावर गिटार, कीबोर्ड, माउथ ऑर्गनही आपणच वाजवायला सुरुवात केली. वाट अगदीच कोरी नव्हती. 'मोहीनेर घोडागुली' या बँडची पोरं सत्तरच्या दशकातच असलं काहीतरी करून बसली होती, पण तेव्हा शहराने ऐकलं नाही.

अल्बमचं शीर्षकगीत वरवर प्रेमगीत आहे, मला तू हवीस एवढंच म्हणणारं. पण हवं असणं इतक्या ठिकाणी, इतक्या वेळांना म्हटलं जातं की ती बाई आहे, शहर आहे की आणखी काही, हे ठरवायची गरजच उरत नाही. 'दश फुट बाय दश फुट' एका खोलीतल्या संसाराचं. ते समजायला चाळीत वाढलेल्या माणसाला बांगला यायला नको.

माझं सगळ्यात लाडकं मात्र 'पेटकाटी चांदियाल'. ही दोन्ही पतंगांची नावं. पेटकाटी म्हणजे पोटावर दुरंगी कापलेला, चांदियालवर चांद. आपले पतंग संक्रांतीचे, तिथले विश्वकर्मा पूजेचे, म्हणजे सप्टेंबरातल्या धुतलेल्या आभाळातले. गाण्यात सायकलरिक्षा ओढणारा एक पोरगा आहे. पाय पॅडलवर, मान वर. बास, एवढंच. त्याच्या गरिबीवर प्रवचन नाही. खरं तर अशा विषयावर हमखास गळा काढला जातो. इथे गाणारा त्या पोरासारखाच पतंगांची नावं घेत राहतो, कारण पोराला त्या क्षणी दुसरं काही सुचतच नाहीये. ख्यालाची फिरत, रवींद्रांचा ठहराव, पाश्चात्त्य लोकगीताची गिटार हे सगळं या अल्बमभर आलटूनपालटून येतं. पण कुठलंही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही.

मागोमाग १९९३ ला नचिकेता आले, १९९४ ला अंजन दत्त, आणि बंगालात गिटारवाल्यांचं पीकच आलं. या साऱ्यांवर 'जीवनमुखी गान' असा शिक्का बसला, जो मला कधीच आवडला नाही. आधीची गाणी काय मरणमुखी होती? १९९६ मध्ये पीट सीगर कोलकात्याला आले आणि दोघे एका मंचावर गायले. २००९ मध्ये सुमन जादवपूरचे खासदार झाले, मग स्वतःच्याच पक्षाशी भांडले. भांडणं त्यांना आजही पुरतात, आणि त्यातली सगळीच शोभणारी नाहीत.

अल्बममधला कीबोर्डचा आवाज आता जुनाट वाटतो, नव्वदच्या दशकातला पत्र्याचा. आजच्या एखाद्या हुशार पोराने तो साफसूफ करून द्यायचं म्हटलं तर मी त्याचा हात धरेन.