कळंब्याच्या कांठीं

कोल्हापूरच्या दक्षिणेस, शहरास लागूनच, कळंबा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकांत संस्थानाच्या अमदानींत बांधलेल्या या जलाशयानें करवीरकरांची तहान पुष्कळ वर्षें भागविली. गेल्या मार्गशीर्षांत एके सायंकाळीं आमच्या घरची सर्व मंडळी तेथें गेली होती. चार-पांच म्हशी पाण्यांत स्वस्थ डुंबत होत्या. वर दिसत होतीं तीं केवळ शिंगें आणि नाकपुड्या.

घरांत त्या दिवसांत एकच विषय चालला होता. पुतणीस परदेशचें स्थळ सांगून आलें होतें. छायाचित्र पसंत होतें, पगारही कळला होता. मुलाशीं मात्र कोणी धड बोललेंही नव्हतें. तरी बैठकीची तारीख धरावी, असा थोरल्या बंधूंचा आग्रह. मातुःश्रींनीं तलावाकडे बोट दाखविलें व एवढेंच म्हटलें, "पाण्यांत म्हैस, बाहेर मोल!"

सर्वजण हंसले, बंधूही हंसले. हीच गोष्ट उघड सांगितली असती, तर त्यांस ती खचित झोंबली असती. म्हणींतील जनावरांचें खरें काम हेंच. 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत', 'गाढवाला गुळाची चव काय' यांत गाय, सरडा, गाढव हीं निमित्तमात्र, बोलणें माणसाविषयींच. गाईस आपण माता म्हणतों. पण 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' म्हणतांना म्हण आपला हिशेबीपणाच उघडा करते. असें हें धन मॅनवेअरिंग यांनीं 1899 सालीं ऑक्सफर्डहून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. दाते व कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे दोन विभाग 1942 व 1947 सालीं निघाले. परंतु तें जिवंत राहतें तें वेळेवर तोंडीं येण्यानेंच.

परततांना मुलांनीं कोडें घातलें: "काळी गाय कांटे खाय, पाण्याला पाहून उभी राहाय." उत्तर आमच्या पायांतच होतें: वहाण! म्हणींत जनावराच्या आड माणूस लपतो, कोड्यांत निर्जीव वस्तु. 'बत्तीस चिरे, त्यांत नागीण फिरे' असें जिभेचें कोडें घालणारानें तर उपदेशही उरकून घेतला आहे.

त्याच रात्रीं बंधूंनीं परदेशीं फोन लावून दिला व पुतणी स्वतः मुलाशीं तासभर बोलली. बैठकीची तारीख अद्याप ठरलेली नाहीं. म्हैस पाण्याबाहेर आल्यावांचून ती ठरावयाची नाहीं, हें आतां बंधूच सर्वांस सांगत असतात.